बोलायची खोली

घनसावंगीत कल्याण डॉक्टरांचा लहान मुलांचा दवाखाना आहे. पहिल्या खोलीत डॉक्टर स्वतः बसतात. तपासणी, सुई, औषध, सगळं तिथं. शेजारच्या लहान खोलीत शिवकन्या हिवाळे बसते. तिच्या दारावर 'बालमानसतज्ज्ञ' अशी पाटी आहे, पण तो शब्द काही कुणाच्या तोंडात बसला नाही. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या आया त्या खोलीला 'बोलायची खोली' म्हणतात. डॉक्टरांनी तिकडं पाठवलं की त्यांची तोंडं उतरतात. सुई दिली म्हणजे काहीतरी केलं म्हणायचं. नुसतं बोलून कुठं दुखणं जातं?

शिवकन्या मूळची टेंभुर्णीची. आजोबा दुसऱ्याच्या शेतात सालानं राबले, वडील राजानंद गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाले, तेव्हा आता पोरगी डॉक्टर होणार हे गुरुजींनी ती चौथीत असतानाच ठरवून टाकलं होतं. मार्क थोडक्यात हुकले. शिवकन्येनं मानसशास्त्र घेतलं, तर गुरुजी आठवडाभर तिच्याशी धड बोलले नाहीत. शेजारपाजारच्यांनी विचारलं की सांगायचे, "शिकून राह्यली काहीतरी." पुढं तिनं नागपूरच्या एका इस्पितळात मुलांच्या मनाच्या दुखण्यांचं रीतसर शिक्षण घेतलं, परत येऊन जालन्याच्या एका शाळेत समुपदेशक म्हणून लागली. तिथं तिला परीक्षेच्या वेळी पर्यवेक्षणाला उभं करायचे आणि एरवी स्नेहसंमेलनाची तयारी करून घ्यायचे.

त्याच शाळेत कल्याण डॉक्टर मुलांची तपासणी करायला आले होते. चहा पिता पिता ते तिला म्हणाले, "माझ्याकडं पोट दुखतंय म्हणून पोरं येतात. जंताचं औषध देतो, टॉनिक देतो. महिन्यानं तीच पोरं परत दारात. पोटात काही नसतंच बघा कितीतरी जणांच्या. शेजारी बसाल का तुम्ही माझ्या?"

ती बसली. गावात भाड्यानं खोली मिळायला मात्र जड गेलं. जागा दाखवताना गोड बोलणारी माणसं आडनाव ऐकलं की, "पाव्हणे येणार हायत, मंग कळवतो," म्हणायची. शेवटी डॉक्टरांनी दवाखान्याच्या माडीवरची औषधांच्या खोक्यांची खोली रिकामी करून दिली.

आकांक्षा तिच्याकडं आली ती दसऱ्याच्या सुमारास. नऊ वर्षांची, शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या घातलेली. गोदाकाठच्या एका गावातली. वडील धर्मराज मोसंबीचे बागायतदार, आई साधना. पोरीचं ओटीपोट दुखायचं, लघवीला आग व्हायची, ताप यायचा. डॉक्टरांनी औषध दिलं की बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. जालन्याला सोनोग्राफी झाली. मुतखडा नव्हता, दुसरं काही नव्हतं.

डॉक्टरांनी रिपोर्ट शिवकन्येपुढं ठेवला. "ही पोरगी पाणीच पीत नाही. लघवी सांगते ते. आई म्हणते पिते की. पोरगीही म्हणते पिते. तुम्ही बघा."

शिवकन्येनं पोटाचं नावच काढलं नाही. तिच्या खोलीत शहरातली खेळणी नव्हती. ज्वारीच्या ताटांची सोललेली भेंडं, म्हणजे आतला मऊ गाभा, आणि वरच्या सालीच्या चोया एका टोपलीत पडलेल्या असायच्या. आकांक्षा टोपलीकडं बघत राहिली, मग खाली बसली आणि न विचारता बैलगाडी करायला लागली. हात सराईत होता. चाकं झाली, जू झालं, भेंडाचे बैल झाले.

"कुणी शिकवलं गं?"

"मीच शिकले. राध्याला करून देत व्हते."

"राध्या कोण?"

पोरीनं गाडी खाली ठेवली, हात मांडीखाली घेतले आणि त्या दिवशी पुढं एक शब्द बोलली नाही.

बाहेर बाकावर बसलेल्या साधनाला शिवकन्येनं तेच विचारलं. साधनानं पदर तोंडाला लावला. सांगितलं ते धर्मराजनं, भिंतीकडं बघत. राधेश्याम, आकांक्षाचा धाकटा भाऊ, पाच वर्षांचा. श्रावणात शेततळ्यात बुडून गेला. बागेसाठी खोदलेलं मोठं तळं, आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला. त्या कागदावर शेवाळ धरतं, आणि एकदा पाय घसरला की पोहणाऱ्या गड्यालाही वर चढता येत नाही.

"हे डॉक्टरांना सांगितलं नाही तुम्ही?"

"पोट दुखतंय म्हणून आन्लं व्हतं मॅडम," धर्मराज म्हणाला. "त्याचं काय सांगायचं त्यात?"

त्यानंतर आकांक्षा दर आठवड्याला यायला लागली. काळ्या-पिवळी जीपमध्ये बापाच्या शेजारी बसून यायची. धर्मराज बाजारातली कामं उरकून तिला न्यायला परत यायचा. साधना पहिल्या खेपेनंतर आली नाही. कापूस फुटला होता, वेचणीला बाया मिळत नव्हत्या.

पाण्याचं कारण एके दिवशी सहज निघालं. आकांक्षा भेंडाचा बैल करत होती, त्याचं पोट फुगीर झालं म्हणून तिनं तो मोडला. म्हणाली, राध्याला बाहेर काढून पालथा घातला तेव्हा त्याचं पोट असं झालं होतं. दाबलं की तोंडातून पाणी यायचं, आणि तरी पोट रिकामं होत नव्हतं. आजी, झुंबरबाई, ओरडून म्हणत होती, पाण्यानं नेलं माझं लेकरू, पोटात शिरून नेलं. तेव्हापासून पाण्याचा घोट तोंडात घेतला की तिला तो आत शिरतोय असं वाटायचं. आईसमोर ती तांब्या तोंडाला लावायची, घोट तोंडात धरायची आणि गोठ्यामागं जाऊन थुंकून टाकायची.

शिवकन्या डॉक्टरांच्या खोलीत गेली, तर ते एका तान्ह्या मुलाची छाती तपासत होते. तिनं सांगितलेलं त्यांनी नळी कानाला तशीच ठेवून ऐकलं. "आणि मी दोनदा अँटिबायोटिक बदललं," एवढंच म्हणाले.

दोघांनी मिळून ठरवलं. डॉक्टरांनी आकांक्षाला चित्र काढून दाखवलं की प्यायचं पाणी कोणत्या वाटेनं जातं, बुडताना कोणत्या वाटेनं जातं, आणि या दोन वाटा कशा वेगळ्या. शिवकन्या तिच्याबरोबर बसून मोसंबीच्या रसापासून सुरुवात करत घोटाघोटानं पुढं जात राहिली. पोरगी ऐकायची, रस प्यायची, पण पाण्याशी आली की ओठ मिटायची. आणखी काहीतरी आत अडकलेलं होतं.

ते निघालं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. आकांक्षा खाली बघून भराभर बोलली, पाठ केलेलं म्हणावं तसं. तळ्यावर जायचं नाही असं घरी बजावलेलं होतं. तीच राध्याला घेऊन गेली, बेडूक दाखवायला. तो घसरला. तिनं हात पुढं केला, तो पुरला नाही. मग ती पळाली आणि कपाशीत जाऊन बसली. मार बसेल म्हणून. सगळे हाका मारत हिंडत होते तेव्हाही ती कपाशीतच होती. नंतर सापडली तेव्हा म्हणाली, मला माहीत न्हाई, मी झोपले व्हते.

"मी सांगितलं असतं तर तो वाचला असता," ती म्हणाली. "तुम्ही कुणाला सांगू नका."

 शिवकन्येनं पोरीचा हात धरला आणि म्हणाली, "तू सांगितल्याशिवाय तुझ्या घरी कुणालाच सांगणार नाही. पण डॉक्टरांना एक गोष्ट विचारू का? ते औषधाचं शिकलेले आहेत. वाचला असता का, हे त्यांना ठाऊक असेल."

पोरीनं मान हलवली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून आधी शिवकन्येला बाजूला घेऊन विचारलं, "घर किती लांब आहे तळ्यापासून?"

"बागेच्या पलीकडं. बरंच लांब म्हणते ती."

"एवढ्या लहान पोराला पाण्यात फार वेळ लागत नाही. घरी पळत जाऊन माणसं येईपर्यंत संपलंच असतं बहुतेक."

"नक्की का सर?"

"नक्की कुणाला ठाऊक असतं? पण त्या लेकरापुढं मी 'बहुतेक' म्हणणार नाही."

मग ते आत आले, लहान स्टुलावर गुडघे वर घेऊन बसले आणि आकांक्षाला सांगितलं, "तू घराकडं कितीही जोरात पळाली असतीस ना बेटा, तरी तू पोचायच्या आत तो गेला असता. तुझ्या सांगण्यानं, न सांगण्यानं काही फरक पडला नसता. मी डॉक्टर आहे, मला माहीत आहे." पोरगी त्यांच्याकडं बघत राहिली. काहीतरी बोलायला म्हणून तिनं तोंड उघडलं, पण बोलली नाही. शिवकन्येनं ते पाहिलं. पोरगी थकली असेल असं तिला वाटलं.

त्या दिवशी खोलीतून उठताना आकांक्षानं माठातलं अर्धा पेला पाणी प्यायलं. पुढच्या आठवड्यात धर्मराज सांगत आला, "मॅडम, लेक पाणी पिऊन राह्यली. बराबर पिऊन राह्यली." लघवीचा रिपोर्ट सुधारला, ताप आला नाही. डॉक्टरांनी जालन्याच्या डॉक्टरांच्या बैठकीत ही हकिगत नाव न घेता सांगितली आणि प्रत्येक बालरोगतज्ज्ञानं शेजारी एक खोली ठेवावी असंही सांगून आले.

आता आईबापांना बोलवायला हवं हे शिवकन्येला कळत होतं. पोरीच्या मनात आहे ते कधी ना कधी घरात निघणार, आणि निघेल तेव्हा ऐकणाऱ्यांची तयारी असायला हवी. तिनं धर्मराजला तसं दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "वेचणी हूं द्या मॅडम. मंग आमी दोघं येतो." तिनं मान हलवली. खरं तर तिनं आणखी नेट लावायला हवा होता, स्वतः गावी जायला हवं होतं. पण पोरगी पाणी पीत होती, शाळेत जात होती, एकदा तर हसली होती. चाललंय ते चालू द्यावं, असं तिच्या मनानं घेतलं.

वेचणी संपायच्या आत आकांक्षानं आईला सांगून टाकलं. कपाशीतच, कापूस वेचता वेचता. मनावरचं ओझं हलकं झाल्यावर तिला वाटलं असेल, की आता सांगायला काही हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी धर्मराज एकटाच आला. दवाखान्यात गर्दी होती. तो नंबर न लावता सरळ शिवकन्येच्या खोलीत शिरला आणि उभाच राहिला. आवाज चढवला नाही.

"तुम्हाला ठाऊक व्हतं?"

"हो."

"आन् तिला सांगितलं तुम्ही, का काय फरक पडला नसता म्हणून?"

"घर लांब आहे, ती पळत पोचेपर्यंत..."

"घर कशाला?" धर्मराज म्हणाला. "मी तिथंच व्हतो मॅडम. पाण्याच्या मोटारीपाशी. तळ्याच्या बांधाखाली. स्टार्टर बिघडला म्हणून बसलो व्हतो. एक हाक मारली असती तिनं, एक. मला पाहूनच ती कपाशीत दडली. तळ्यावर आली म्हणून मी मारीन, म्हणून."

 त्या दिवशी पोरीनं तोंड का उघडलं होतं आणि का मिटलं, ते शिवकन्येला आता कळलं. घर किती लांब हे डॉक्टरांनी विचारलं होतं. जवळ कुणी होतं का, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नव्हतं. उत्तर देण्याची घाई झाली होती, आणि पोरीनं ते उत्तर खोटं आहे हे ठाऊक असूनही घेतलं होतं, कारण मोठी माणसं ते इतक्या मायेनं देत होती.

"माझी बायको कालपासून जेवली न्हाई," धर्मराज म्हणाला. "आमी न इचारता जगून राह्यलो व्हतो. बरं व्हतं ते." तो गेला. जाताना दार हळू ओढून घेतलं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. "मी बोललो होतो ते. तुम्ही नाही," म्हणाले. शिवकन्येला त्याचा काही आधार वाटला नाही. विचारायचं काम तिचं होतं.

चार दिवसांनी ती गावी गेली. ओसरीवर झुंबरबाई बसली होती. तिनं बस म्हटलं, आणि घरात स्टीलचे कप असताना धाकट्या सुनेला कागदी कपात चहा आणायला सांगितलं. शिवकन्येनं चहा प्यायला, कप स्वतःच उकिरड्यावर टाकून आली. आकांक्षा घरात नव्हती. तिला बदनापूरला मावशीकडं ठेवलं होतं, शाळाही तिकडंच घातली होती.

साधना मळ्यात होती. मोसंबीच्या झाडाखाली तण काढत होती, ती शिवकन्येला बघून थांबली नाही. शिवकन्या तिच्या शेजारी खाली बसली.

"मला कळतं मॅडम," तण उपटत साधना म्हणाली. "तिचा गुन्हा न्हाई. लेकरूच हाय ते. पन कळून काय करू? ती समोर आली की माझे हात थंड पडतेत. तिला भाकर वाढता येईना मला. मंग मीच म्हणलं, ने तिला माझ्या बहिणीकडं."

"तिला वाटेल तुम्ही टाकलंत."

"वाटंल."

"तुम्ही एकदा माझ्याकडं या. एकट्या. तिच्यासाठी नाही, तुमच्यासाठी."

साधनानं खुरपं मातीत रोवलं. "काय बोलायचं? बोलूनच झालं ना हे."

त्या शनिवारी शिवकन्या टेंभुर्णीला गेली. गुरुजी दारात पेपर वाचत होते. तिनं त्यांना सगळं सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदाच कामातलं काही सांगितलं. त्यांनी पेपरची घडी घातली, उलगडली, परत घातली. "सोडून दे म्हणालो असतो," ते म्हणाले, "पण मंग ती बाकीची पोरं कुणाकडं जातील? पहिल्यासारखं जंताचं औषध घेत बसतील." नंतर म्हणाले, "झोप लागती का तुला?" ती खोटं बोलली, लागते म्हणाली.

हिवाळा सरला तसे शिवकन्येकडं येणारे लोक कमी झाले. गोदाकाठच्या गावांत बोलणं पसरलं होतं, त्या खोलीत पोरांकडून घरातलं वदवून घेतात. डॉक्टरांनी पाठवलं तरी काही आया दारातूनच मागं फिरायच्या. डॉक्टरांनी पाटी काढली नाही, तिला जा म्हटलं नाही. तिनंही एक गोष्ट बदलली. मूल काहीही बोललं तरी ती लगेच त्याची समजूत घालत नाही. "आणखी काय?" म्हणते, आणि गप्प बसते. पुष्कळदा मूलही गप्प बसतं. त्या शांततेत बसून राहणं तिला अजून जड जातं.

महिन्यातून एकदा ती बदनापूरला जाते. मावशी भली बाई आहे, येऊ देते. आकांक्षा उंच झाली आहे, दुखणं परतलेलं नाही. एका खेपेला तिनं विचारलं, "मम्मीला सांगायला नको व्हतं का?"

समजुतीचं उत्तर शिवकन्येच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "तू खरं बोललीस. ते आम्ही नीट सांभाळलं नाही. मी आणि डॉक्टरांनी."

"पप्पा मोटारीपाशी व्हते, ते मी तुम्हाला सांगणार व्हते."

"तू काहीतरी सांगणार होतीस, ते मला दिसलं होतं गं. मी विचारलं नाही."

पोरगी काही वेळ नखं कुरतडत बसली आणि मग मावशीच्या पोरींत खेळायला निघून गेली.

पुढच्या पावसाळ्यात साधना दवाखान्यात आली. कुशीत तिची दीड महिन्याची मुलगी होती, डोस द्यायला आणलेली. डॉक्टरांनी सुई टोचली, बाळ रडलं, साधनानं त्याला थोपटलं. शिवकन्या दारातून बघत होती. साधनानं तिच्याकडं पाहिलं नाही. पण डोस झाल्यावर ती घरी गेली नाही, बाकावर बसून राहिली आणि गर्दी ओसरल्यावर बोलायच्या खोलीत येऊन खाली सतरंजीवर बसली. एक शब्द बोलली नाही. बाळाला पाजलं, पदर सारखा केला, उठताना म्हणाली, "पुढच्या डोसाला येते."

तेव्हाही ती तशीच बसली आणि तशीच गेली. शिवकन्येनं काही विचारलं नाही.

त्यापुढच्या डोसाच्या वेळी दिवाळी होऊन गेली होती. साधनानं बाळाला मांडीवर आडवं घेतलं. ते झोपलं होतं तरी ती मांडी हलवत राहिली.

"आकांक्षा आल्ती," ती म्हणाली. "भाऊबिजेला. दोन दिस राह्यली. कामं करू लागली मला, न सांगता. जाताना मागं वळून पाह्यलं न्हाई तिनं."

शिवकन्या थांबली. मग म्हणाली, "आणि तुम्ही?"

"मी घरातच व्हते," साधना म्हणाली. "दाराच्या आडून पाहत व्हते. पन हाक काही माराया आली न्हाई."

बाहेर डॉक्टर पुढच्या पेशंटचं नाव पुकारत होते. साधना मांडी हलवत बसली होती, आणि शिवकन्या तिच्यासमोर.